ऑलिम्पिकबेनचा उंबरठा

ऑलिम्पिकबेन कधी कुणाला ओलांडून गेली नाही. जिनं सगळी उमर अडथळ्यांवरून उड्या मारण्यात घालवली, आशिया खंडात पहिली आली, ऑलिम्पिकच्या मैदानावर जाऊन उभी राहिली, ती बाई घरात वाटेत पसरलेल्या मांजरालासुद्धा लांबून वळसा घालायची. लग्नघरी दुपारच्या जेवणानंतर बायका आडव्यातिडव्या पडल्या की बाकीच्या साड्या सावरत, 'सरक वं जराशी' म्हणत मधूनच वाट काढतात. ही भिंतीला पाठ लावून सगळी खोली फिरायची आणि मग दारापर्यंत पोचायची. एकदा मी म्हटलं, "अगं जमू, लोक तुला कशासाठी ओळखतात आणि तू करतेस काय!" तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ते मैदान शे, हाई घर शे."

ऑलिम्पिकबेन हे नाव गावानं ठेवलेलं. खरं नाव जमना. तापीकाठच्या केळी-कापसातल्या गुजर शेतकऱ्याची मुलगी. त्यांच्यात बाईमाणसाला बेन म्हणतातच. ती परदेशी जाऊन आल्यावर पुढं ऑलिम्पिक चिकटलं आणि असं चिकटलं की एसटीचा कंडक्टरसुद्धा 'चला ऑलिम्पिकबेन' म्हणून घंटी मारायचा. मला मात्र ती जमूच. मी शमीम, शहाद्याच्या शिंप्याची मुलगी. मराठी शाळेत शिकले आणि पुढं मराठीच शिकवून निवृत्त झाले. जमूच्या घरी त्यांची गुजरी चालायची, पण मी असले की सगळे अहिराणीवर यायचे, आणि मैदानावर जमू शाळेतली मराठी बोलायची.

ती या हिवाळ्यात गेली. लोक मला भेटायला येतात. 'फार वाईट झालं मॅडम' म्हणतात. मी 'हो' म्हणते, चहा टाकते, कधी साखर टाकायची राहून जाते. मला अजून रडू आलेलं नाही. सगळे बघतात, शमीम मॅडम किती खंबीर. कसली खंबीर, डोंबल. आतून काही हलतच नाही, त्याला काय करू?

तिची माझी ओळख झाली ती अब्बांच्या मशीनमुळे. लग्नसराई जवळ आली की अब्बा शिलाई मशीन सायकलवर बांधून गुजरांच्या गावी जायचे आणि एकेका घराच्या ओट्यावर मुक्कामच ठोकायचे. सगळ्या घराचे कपडे तिथंच बसून शिवायचे. मी बटणं लावायला सोबत. जमूच्या घरी कापूस आतल्या खोलीत पार आढ्याला लागलेला असायचा आणि आम्ही दोघी त्यात लोळायचो. केसांत सरकी घेऊन घरी गेले की अम्मी ओरडायची.

त्या दिवशीही आम्ही कापसातच होतो. जमूचा धाकटा भाऊ कांती, तेव्हा नुकता पावलं टाकायला लागलेला, दाराच्या उंबरठ्याशी गोधडीवर झोपला होता. हवा येते म्हणून त्याला तिथंच टाकायचे. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. पाटाच्या पाण्यानं भिजलेल्या रस्त्यात केळीचा ट्रक रुतला होता आणि गावातली सगळी पोरं तिकडं धावली होती. जमू उठली आणि पळत सुटली. दारात कांती आडवा, तर तिनं पाय लांबवला आणि त्याच्यावरून थेट ओट्यावर उडी टाकली. मी मागं थांबले, गोधडीला वळसा घालून आले. जमूची आई चुलीपाशी होती. तिनं पाहिलं आणि ओरडली, "जमे! परत ओलांड वं पोरले!"

झोपलेल्या मुलाला ओलांडू नये, त्याची वाढ खुंटते, हे आमच्याकडे सगळ्या घरांत. आमच्या मोहल्ल्यातही तेच. आणि चुकून ओलांडलंच, तर आल्या पावली उलटं ओलांडायचं म्हणजे फिटतं. किती साधं काम! पण जमूचं लक्ष ट्रकात. पळता पळताच तिनं आवाज दिला, "ईसन ओलांडसू!" म्हणजे आल्यावर ओलांडते. आम्ही ट्रक निघेपर्यंत तिथंच होतो. ड्रायव्हरनं पोरांना केळी वाटली. परत आलो तोवर कांतीला कुणीतरी उचलून आत नेलं होतं आणि आम्ही दोघीही ते विसरलो.

दुसऱ्या दिवशी कांतीला ताप भरला. ताप उतरला तेव्हा त्याचा डावा पाय लुळा पडला होता. पोलिओ. त्या काळी घरटी नाही तरी गल्लीगणिक एखादं मूल तसं असायचंच. पण जमूच्या आईला पोलिओ कुठला ठाऊक? ती एकदाच म्हणाली, मी तिथं होते, "तू परत ओलांडलं असतंस तर." एवढंच. पुन्हा त्या घरात हा विषय निघाला नाही. निघाला असता, भांडणं झाली असती, दोन थपडा बसल्या असत्या, तर बरं झालं असतं. काहीच झालं नाही. जमू त्या दिवसापासून निजलेल्या माणसाला वळसा घालायला लागली.

घराबाहेर मात्र ती थांबायची नाही. शाळेत येताना केळीच्या बागेतले पाट, बांध, कुंपणाच्या काट्या, सगळं तिनं उडूनच पार केलं. शाळेच्या ड्रिल मास्तरांनी एकदा तिला वर्गात उशिरा येताना धरलं आणि शिक्षा म्हणून बाकांवरून उड्या मारायला लावल्या. पोरगी दमेचना. मास्तर छडी बाजूला ठेवून बघत राहिले. जिल्ह्याच्या स्पर्धेला तिला उतरवायचं ठरलं तेव्हा प्रश्न आला हाफपँटचा. मुलीसाठी तसली चड्डी बाजारात मिळत नव्हती आणि मिळाली असती तरी तिच्या घरी चालली नसती. मी अब्बांना म्हटलं. अब्बांनी कुणाला न विचारता खाकी कापड कापलं आणि पाय मोकळे पडावेत म्हणून आसनात मोठी कळी घातली. तिला देताना म्हणाले, "बेटी, टांग कितनी भी खोल, मेरी सिलाई नहीं खुलेगी." ती खरंच कधी उसवली नाही. पुढं तिला सरकारी कपडे मिळाले, परदेशी बूट मिळाले, पण ती खाकी चड्डी तिच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होती.

तिच्या कारकिर्दीबद्दल मी काय लिहू? ते पेपरवाल्यांनी लिहिलंय. जिल्हा, राज्य, देश, मग आशिया. तिथं ती पहिली आली तेव्हा शहाद्यात पेढे संपले होते, हे मात्र मी पाहिलंय. ऑलिम्पिकची शर्यत आम्ही टीव्हीवर बघायला बसलो, तर ऐन वेळी बातम्या लागल्या. दुसऱ्या दिवशी रेडिओवरून कळलं की ती उपांत्य फेरीतून बाहेर पडली. आल्यावर लोक खोदून खोदून विचारायचे. बेन, पडल्या का? बूट फाटला का? गोऱ्यांनी काही दगाफटका केला का? त्यांना काहीतरी गोष्ट हवी असायची. ही आपली सरळ सांगायची, "माझ्यापेक्षा जोरात पळणाऱ्या होत्या, त्या पुढं गेल्या." माणसं हिरमुसून चहा प्यायची आणि निघून जायची.

पेपरात तिचा फोटो आला होता. अडथळ्याच्या वर हवेत, एक पाय पुढं सुरीसारखा सरळ. ड्रिल मास्तरांनी तो चौकटीत घालून तिच्या आईला नेऊन दिला. सगळं गाव जमलं होतं. म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि अडथळ्याखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून विचारलं, "हाई खाले कोन जपेल शे?" खाली कोण झोपलंय, असं. लोक हसले. म्हातारीला दिसत नाही म्हणाले. जमू हसली नाही, कांती हसला नाही आणि मीही हसले नाही. फोटो भिंतीवर लागला तो मात्र ओट्यावर, आत नाही.

आशियाई स्पर्धा जिंकून आली तेव्हा गावानं ट्रॅक्टर सजवला होता, चारी बाजूंना केळीचे खांब, पुढं बँड. सरपंचांनी तिला ट्रॉलीत सिंहासनासारखी खुर्ची मांडली. तिनं आधी कांतीला त्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. लोकांना वाटलं, काय भावाची माया! ती मला हळूच म्हणाली, "दोन जणास्ना पाय शेतस मन्हापान." माझ्याकडे दोघांचे पाय आहेत. कांतीनं ते ऐकलं. तो तेव्हा कॉलेजात होता, पायाला कॅलिपरच्या लोखंडी पट्ट्या, हातात काठी आणि जिभेला धार. म्हणाला, "मंग मन्हा माले वापस दे आनि तू बठ खुर्चीवर!" बँडच्या आवाजात ते कुणाला कळलं नाही. त्याचा चेहरा मात्र मी पाहिला. त्याला हार नको होते, खुर्ची नको होती. बहिणीच्या डोळ्यांत आपण एक चूक होऊन बसलोय, हे त्याला सहन होत नव्हतं. सगळ्या आयुष्यात त्याची तेवढी एकच तक्रार होती.

तसा कांतीभाई कुणावर अवलंबून राहणारा माणूस नव्हे. लोणखेड्याच्या रस्त्याला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. तापीकाठच्या निम्म्या पाणबुडी मोटारी त्याच्या हातून गेल्या असतील. लग्न केलं, पोरं वाढवली, पोरं पुण्याला गेली, बायको वारली. जमूनं लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर 'वेळ निघून गेली' म्हणायची. म्हातारी गेल्यावर त्या घरात ही दोघंच उरली.

खेळामुळे मिळालेली रेल्वेतली नोकरी सोडून जमू गावी आली आणि लोणखेड्याच्या अलीकडचा आपल्या वाट्याचा तुकडा तिनं केळी न लावता मोकळा ठेवला. भाऊबंद म्हणाले, बेनचं डोकं फिरलं, ओलिताखालची जमीन पडीक टाकते. तिथं तिनं मैदान केलं. मुली यायच्या त्या बहुतेक अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांवरच्या, इथल्या वसतिगृहात राहणाऱ्या. घरी भिली किंवा पावरी बोलणाऱ्या, अनवाणी, लाजऱ्या, आणि डोंगर चढून चढून पिंढऱ्या अशा घट्ट की जमू बघताच खूश व्हायची. सरकारी अडथळे आणायचे तर जमलं नसतं. कांतीभाईनं शेतातल्या जुन्या पाइपांचे अडथळे बनवले, खाली मोटारीचे भंगार तुकडे वजनाला लावून. पाय लागला की आडवे व्हायचे, मुलीला लागायचं नाही. शर्यत सोडायला तो स्वतः खुर्चीवर बसायचा, हातात दोन फळ्या. फळ्यांचा 'फाट' झाला की पोरी सुटल्या.

मुली सुरुवातीला पाइप पडला की थांबायच्या. ओशाळून मागं वळायच्या, पडलेला पाइप उचलून जागेवर ठेवायला जायच्या. घरी काही सांडलं तर उचलायचं हेच शिकलेल्या त्या. तेव्हा जमू मैदानाच्या टोकावरून ओरडायची. आवाज असा की केळीतले बगळे उडायचे. "पाडलं तरी चालतं! बाजूनं गेलीस तर बाद!" खेळाचा नियमच आहे तो. चुकून अडथळा पडला तर कुणी काही म्हणत नाही, पण त्याला बगल देऊन पुढं गेलात तर शर्यतीतून बाहेर. ती हे वाक्य इतक्यांदा म्हणायची की मुली आपसांतही तेच म्हणायला लागल्या. परीक्षेत नापास झाली कुणी, तर दुसरी म्हणायची, पाडलं तरी चालतं.

त्या मुलींतल्या काही राज्याला गेल्या, एकदोघी देशाला. ऑलिम्पिकला कुणी नाही गेली. पण पोलीस, वनरक्षक, खेळाच्या शिक्षिका, नर्स अशा जिल्हाभर पसरल्यात. एकदा आम्ही दोघी नवापूरहून येताना विसरवाडीला चहाला उतरलो. हमरस्त्यावर ट्रकांची ही रांग, आणि रस्ता ओलांडायला म्हणून आम्ही दोन म्हाताऱ्या कडेला उभ्या. तेवढ्यात एक महिला शिपाई धावत आली, हात आडवा करून तिनं दोन्हीकडची वाहतूक थांबवली आणि जमूला कडक सलाम ठोकला. मग खाली वाकून पायाच पडली. ट्रकवाले भोंगे वाजवतायत आणि ही रस्त्याच्या मधोमध उभी राहून पोरीला विचारतेय, "वजन का वाढलं गं तुझं?" मला तर बाई हसावं की पळावं कळेना.

शाळेत शिकवत असताना मला पोलिओच्या बूथवर ड्यूटी लागायची. जमूला मी मुद्दाम बोलवायचे. तिच्या हातून थेंब पाजले की बाया आनंदानं पोरं आणायच्या. अशाच एका रविवारी, गर्दी ओसरल्यावर, मी धीर केला. म्हटलं, "जमू, तुला सगळं ठाऊक आहे. तो विषाणू असतो, पाण्यातून येतो. तू उडी मारलीस म्हणून काही झालेलं नाही." ती थेंबांची बाटली बर्फाच्या डब्यात ठेवत होती. म्हणाली, "माले समजस वं शमी. पायले समजत नही." मग पुढच्या बाळाला हाक मारली. मी त्या बाळाच्या करंगळीवर शाईची खूण केली.

गेल्या वर्षी थंडी सरता सरता तिला पहाटे अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, हातही आला. डावा पाय गेला. शर्यतीत आधी अडथळ्यावर जायचा तो तिचा हाच पाय. दवाखान्यात मी गेले तर ती चादर बाजूला करून आपल्याच मांडीला चिमटे काढत होती. "कोना पाय शे हाऊ?" मला विचारलं. आणि मग असं शांत तोंड करून, जसं काही फार दिवसांचं देणं फिटावं तसं, म्हणाली, "आते कांतीना पाय माले भेटना." आता कांतीचा पाय मला मिळाला, असं.

डॉक्टर म्हणाले, रोज सराव केला तर काठी घेऊन नक्की चालतील. व्यायाम शिकवायला एक मुलगी घरी येऊ लागली. जमूनं पाय उचलायचा म्हणून प्रयत्नच केला नाही. जिनं मुलींकडून ऊन-पावसात पाय घासून घेतले ती आता खाटेवर बसून भिंत बघायची. मी रागावले, लाडीगोडी लावली, अबोला धरला. काही उपयोग नाही. मैदानावरच्या मुली भेटायला आल्या, तर त्यांच्याशी हवापाण्याचं बोलली. तिला तो पाय परत नकोच होता, हे मला उशिरा कळलं. कांतीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तो दुकानातून यायचा, तिच्याकडे बघायचा आणि काठी आपटत आत निघून जायचा. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असंच बसून राहिल्या तर काही खरं नाही, पुढचा झटका लवकर येईल. ते त्यानं मला सांगितलं, तिला नाही.

उन्हं तापायला लागली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मी गेले, तिला दोन्ही बगलांत धरून ओट्यावर आणलं, खुर्चीत बसवलं. गप्पा काय, मीच बोलायची. तासाभरानं ऊन ओट्यावर आलं. ती म्हणाली, आत जाऊ. मी तिला उभी केली, वळवली, आणि बघते तर दारात कांतीभाई आडवा. उंबरठ्याला लागून, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, फरशीवर उताणा. कॅलिपरचा पाय सरळ ताणलेला, काठी बाजूला, छातीवर हात. मला वाटलं, पडला! मी ओरडलेच. तर डोळे उघडून म्हणतो, "पडना नही मी. जपेल शे."

जमू म्हणाली, "ऊठ रे कांती, कसाले सोंग करस?"

"मी उठाव नही."

"मन्हा पाय भाजी ऱ्हायनात आठे!"

"मंग ये ना आत. ईसन ओलांडसू सांगी गयथी ना तू? ये आते."

जमूचं ते 'ईसन ओलांडसू' म्हातारीनं त्याला केव्हा सांगितलं होतं, कुणास ठाऊक. त्या दिवसानंतर त्या दारानं ती हजार वेळा आत आली असेल. पण तो दारात झोपलेला असताना नाही. त्याला तिथं कुणी झोपवलंच नाही पुन्हा. ती इकडं तिकडं बघायला लागली, भिंतीशी कुठं फट आहे का. मागच्या दारानं जाऊ, असं मला म्हणाली. खालून कांतीभाई खणखणीत मराठीत ओरडला, अगदी मैदानावर ओरडावं तसा, "बाजूनं गेलीस तर बाद!"

मग ती चिडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चिडली. त्याला काय काय म्हणाली ते मी लिहीत नाही, मी शिक्षिका होते. तो शांतपणे पडून. शेवटी तिनं उजव्या हातानं चौकट धरली. डावा पाय ओढत उंबरठ्यापाशी आणला. मी वाकून तिचा पाय हातानं उचलायला गेले, तर माझ्या हातावर चापट बसली. ती ओठ दाबून उभी. कपाळाला घाम. पाय हलेना. कांतीभाई खालून, "गुडघा आधी! पाऊल मंग!"

"तू माले शिकाडू नको!" ती म्हणाली, आणि गुडघा वर आला.

फार नाही आला. चार बोटं, वीतभर, काय असेल ते. पाय पुढं गेला, पण उंची कमी पडली आणि टाच थेट कांतीभाईच्या पोटात बसली. तो 'हुप्प' करून दुमडला, आणि त्याच श्वासात ओरडला, "पाडलं तरी चालतं! चल, चल, दुसरा!" मी तिला मागून रेटलं, खरं सांगते, रेटलंच. दुसरा पाय पलीकडे पडला आणि ती आत गेली. कपाट धरून, पाठमोरी, घरात उभी राहिली. लहानपणी बाहेर जाताना ओलांडलं होतं. एवढ्या वर्षांनी ती परत आली.

मग ती वळली. चेहरा सगळा ओला. खाली कांतीकडे बघून म्हणाली, "आते मोठा व्हशी तू." आता मोठा होशील. तो उताणा पडल्या पडल्या म्हणाला, "केस पिकनात वं मन्हा." केस पिकले की माझे, असं. आणि हसायला लागला, हसता हसता रडायला लागला. त्याला फरशीवरून उठता येईना. एकीचा पाय बधिर, दुसऱ्याचा लुळा, आणि मी एकटी धडधाकट बाई, तीही गुडघेदुखीची. शेजाऱ्याला बोलवून त्याला उठवलं. शेजारी विचारतो, कांतीभाई, दारात काय करत होते? कांतीभाई म्हणाला, "झोप झाली चांगली."

दुसऱ्या दिवसापासून जमूनं व्यायाम धरला. धरला म्हणजे असा की शिकवायला येणारी मुलगीच दमून जाई. काही आठवड्यांनी मला फोन आला, "शमी, मुंग्या उन्यात वं पायले!" लॉटरी लागल्यासारखी ओरडत होती. बधिर पायात आधी मुंग्या येतात, दुखणं मागून येतं, असं तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ती दुखण्याची वाट बघत होती. पावसाळ्यात ती काठी घेऊन मैदानावर आली. दिवाळीपर्यंत रोज आली. कांतीभाईशेजारी तिची खुर्ची असायची, आणि आवाज तोच. एकदा त्यांच्या ओट्यावर कुत्रं आडवं झोपलं होतं. तिनं काठी टेकली, पाय उचलला आणि त्याच्यावरून गेली. कुत्र्यानं मानसुद्धा वर केली नाही.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. झोपेतच गेली. डॉक्टर म्हणाले, काही कळलं नसेल त्यांना. मी तिला नव्या पातळात पाहिलं, तिच्या पायांना हात लावला, दोन्ही सारखेच गार. सगळं केलं मी. चहा, सतरंज्या, फोन, येणाऱ्याजाणाऱ्याचं बघणं. ट्रंकेतून ती खाकी चड्डी निघाली, ती कांतीभाईनं माझ्या हातात दिली. मी घडी घालून पिशवीत ठेवली. डोळे कोरडे. विसरवाडीची ती शिपाई पोरगी माझ्या गळ्यात पडून हमसून रडली आणि मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले, जणू तिचंच माणूस गेलंय, माझं नाही.

परवा कांतीभाईचा निरोप आला, पोरींचा सराव सुरू करतोय, या. मी गेले. केळीच्या कडेला पाइपांचे अडथळे मांडलेले, तो खुर्चीवर, शेजारची खुर्ची रिकामी. ती त्यानं हलवली नव्हती. मला वाटलं मला बस म्हणेल, तो म्हणाला नाही, मीही बसले नाही. फळ्या वाजल्या. पोरी सुटल्या. वरच्या पाड्यावरून यंदा नवीन आलेली एक बारकी मुलगी पहिल्याच पाइपाला अडकली. पाइप आडवा झाला. ती थांबली, ओशाळली आणि पाइप उचलायला मागं वळली. बाकीच्याही थांबल्या. सगळ्या मिळून मैदानाच्या या टोकाकडे बघायला लागल्या. रिकाम्या खुर्चीकडे. कांतीभाईनं तोंड उघडलं, आवाज निघाला नाही. केळीतले बगळे नुसते बसून होते.

"पाडलं तरी चालतं!" कोण ओरडलं म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं. मीच ओरडले होते. फाटक्या, शाळेतल्या आवाजात. "बाजूनं गेलीस तर बाद! पळ!"

पोरगी पळाली. कांतीभाईनं न बोलता शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि मी बसले. बसले आणि मला मुंग्या आल्या, आधी घशात, मग छातीत, मग सगळीकडे. जमू, खरं सांगते, फार दुखतंय गं.